१४ फुटी नवी की १६ फुटी वापरलेली? उजनीवर चालवायची सपाट तळाची फायबर बोट

प्रश्न थोडक्यात असा. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायचं आहे. एका फेरीला चार पाहुणे आणि एक नावाडी. उरलेल्या दिवसांत चिलापीची जाळी टाकायला तीच बोट वापरायची. दोन सपाट तळाच्या फायबर बोटी पाहून झाल्या आहेत आणि किंमत जवळपास सारखीच आहे.

पहिली नवी. लांबी १४ फूट, वरच्या काठाशी रुंदी ४ फूट, तळाची रुंदी १ मीटर, बाजूची उंची ४५ सेंमी, वजन ९५ किलोच्या आसपास. तळ एकेरी, आत दोन आडव्या फळ्या बसायला. दुसरी चार वर्षं वापरलेली. लांबी १६ फूट, काठाशी सव्वापाच फूट, तळाला १.३५ मीटर, बाजू ५५ सेंमी. तळ दुहेरी, म्हणजे खालचा तळ आणि पायाखालची फरशी यांच्यात ७ सेंमीची पोकळी असून त्यात फोम भरलेला आहे. विकणारा वजन १८० किलो सांगतो.

आधी निकाल सांगतो. पाच माणसं बसणार असतील तर १४ फुटी बोट या कामाची नाही. १६ फुटीच घ्या, पण तिच्या पोकळीत पाणी मुरलेलं नाही हे तपासल्यावरच. मुरलेलं निघालं आणि भाव त्या हिशेबाने उतरला नाही, तर दोन्ही सोडून द्या आणि तिसरी शोधा.

हलकी बोट उथळ पाण्यात जास्त पुढे जाईल, असा तुमचा अंदाज दिसतो. रिकामी असताना ते खरं आहे, भरल्यावर नाही. सपाट तळाच्या बोटीचा हिशेब सोपा असतो. पाण्याला टेकलेल्या तळाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा आणि दहाने गुणा. तेवढे किलो टाकले की गोड्या पाण्यात बोट एक सेंटिमीटर खाली जाते. पुढचं उचललेलं टोक सोडलं तर १४ फुटीचं क्षेत्र साधारण ३.६ चौरस मीटर, म्हणजे सेंटिमीटरला ३६ किलो. १६ फुटीचं ५.९, म्हणजे ५९ किलो. आता वजन घाला: पाच माणसांचे ३५० किलो, इंजिन, पेट्रोल, जॅकेटं, बांबू, वल्ही, नांगर मिळून ८०. एकूण ४३० किलो. १४ फुटी स्वतःच्या ९५ किलोंसह १४ ते १५ सेंमी बुडेल. १६ फुटी दुप्पट जड असूनही १० ते ११ सेंमीच बुडेल. गाळात आधी टेकेल ती हलकी बोट.

आता काठ पाण्याच्या किती वर राहतो ते पाहा. १४ फुटीचा ३० सेंमी, १६ फुटीचा जवळजवळ ४५. भिगवणला डिसेंबरच्या सकाळी पाणी आरशासारखं असतं, तेव्हा ३० सेंमी भरपूर वाटतात. पण उजनीचं पाणी लांबरुंद आहे. वारा सुटला की लाट फार उंच होत नाही, पण एकामागे एक अशी जवळजवळ येते, आणि सपाट तळाच्या बोटीला तीच सर्वात त्रासाची. बोट आपटते, पाणी पुढच्या टोकावरून आत येतं. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधीचं वारं दहा मिनिटांत उठतं. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ज्याला याच पाण्यावर माणसं न्यायची आहेत त्याने काठाच्या उंचीत तडजोड करू नये.

डुगडुगण्याचं गणित त्याहून महत्त्वाचं आहे. बोट कलू न देणारा जोर पाण्यावरच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो, लांबीच्या फक्त सरळ प्रमाणात. १ मीटरच्या जागी १.३५ मीटर आले की रुंदीमुळेच तो जवळजवळ अडीचपट होतो, लांबी धरली तर तिप्पट. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. दोन्ही बोटी भरलेल्या आहेत आणि ७० किलोचा एक पाहुणा मधून ४० सेंमी कडेला सरकला, तर १६ फुटी अडीच-तीन अंश कलेल. १४ फुटी १५ अंशांच्या आसपास जाईल, म्हणजे ३० सेंमीच्या काठातले १५ सेंमी तिथेच संपले. फ्लेमिंगोंचा थवा उठला की कॅमेरेवाले एकाच बाजूला वळतात आणि त्यातले दोघे उभे राहतात. उभ्या माणसाचा भार वर जातो, आणि अरुंद बोटीत आधीच थोडी असलेली सावरण्याची ताकद आणखी निम्म्यावर येते. पाहुण्यांना कितीही सांगितलं तरी ते उभे राहणारच, असं धरूनच बोट निवडायची.

अमेरिकेत लहान बोटींसाठी एक ठोकताळा आहे: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. शांत पाण्यात तितकी माणसं. १४ गुणिले ४ भागिले १५ म्हणजे ३.७, तीनच धरा. १६ गुणिले सव्वापाच भागिले १५ म्हणजे ५.६, पाच धरा. तुमच्या पाच माणसांत नावाडीही आला. सहावा लहान मुलगा "मांडीवर बसेल" म्हणून घेऊ नका.

१४ फुटी बोट वाईट आहे असं नाही. दोघांनी जाळी टाकायला ती उत्तम. एकट्याला किनाऱ्यावर ओढता येते, बांबूने रेटायला हलकी जाते. तुमचा बेत फक्त मासेमारीचा असता तर हे उत्तर उलटं आलं असतं. फक्त एक पाहायला हवं: एकेरी सपाट तळाला आतून उभ्या पट्ट्या हव्यात, ३० ते ४० सेंमी अंतरावर. त्या नसतील तर मधे उभं राहिल्यावर तळ डब्याच्या झाकणासारखा खाली-वर होतो, आणि दोन-तीन हंगामांत तळ आणि बाजू मिळतात त्या कोपऱ्यात बारीक चिरा पडतात. ४५० ग्रॅमच्या मॅटचा (काचेच्या सुट्या धाग्यांच्या चादरीचा) एक थर सुकल्यावर साधारण १ मिलिमीटर होतो. तळाला पाच-साडेपाच मिलिमीटर जाडी हवी, म्हणजे मॅट आणि विणलेलं रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं कापड) मिळून पाच-सहा थर. कारखानदाराला थर विचारा. तो नुसतं "भरपूर जाड आहे" म्हणाला तर समजून घ्या. जाडी रेझिनमध्ये (काचेचे थर चिकटवून कडक होणाऱ्या द्रवात) डोलोमाइट या दगडाची पांढरी पावडर घालूनही येते, पण असा माल जड आणि ठिसूळ होतो.

आता १६ फुटी बोट. खरी मेहनत इथे घ्यायची आहे.

दुहेरी तळात पाणी कसं शिरतं? बहुतेक वेळा खालून नाही, वरून. बाकांचे पाय, छत्रीचे दांडे, बॅटरीची पेटी हे सगळं फरशीत स्क्रू मारून बसवलेलं असतं. प्रत्येक स्क्रूचं भोक थेट फोममध्ये जातं. बोटीत कायम थोडं पाणी असतं, ते थेंबाथेंबाने आत मुरतं. आतला पीयू (पॉलियुरेथेन) फोम नवा असताना पाणी फारसं घेत नाही, पण बोट आपटून-आपटून त्याच्या पेशी फुटतात आणि मग तो स्पंजसारखा होतो. एकदा भिजलेला फोम उन्हात ठेवून वाळत नाही. वरची फरशी महिनाभर कोरडी दिसेल, आतला फोम ओलाच राहील. त्यामुळे विकणारा "उन्हात ठेवली होती, पूर्ण वाळली" म्हणाला तर त्याला अर्थ नाही.

पहिली तपासणी वजनाची. वजन खोटं बोलत नाही. धान्याच्या किंवा कांद्याच्या व्यापाऱ्याकडचा प्लॅटफॉर्म काटा पुरतो. बोटीतून इंजिन, टाकी, नांगर, सुटं सगळं काढा. दोन लाकडी ओंडके घ्या, एक पुढच्या भागाखाली, एक मागच्या. पुढचा ओंडका काट्यावर ठेवा, मागचा तेवढ्याच उंचीच्या विटांवर, बोट आडवी सपाट. वाचन लिहून घ्या. मग ओंडके बोटीखालच्या त्याच जागी ठेवून काटा मागे न्या. दोन्हींची बेरीज म्हणजे बोटीचं वजन. या मापाच्या बोटीचा माझा हिशेब असा: खालचा तळ ५५ किलो, बाजू आणि टोकं ४० च्या आसपास, फरशी २५ ते ३०, बाकी मागच्या फळीतलं प्लायवुड, पट्ट्या, काठ, फोम मिळून ५०-५५. म्हणजे १७० ते १८०. काट्याने १९० दाखवलं तर हरकत नाही, दुरुस्तीत चढलेला थर असू शकतो. २१० च्या पुढे गेलं तर आत पाणी आहे असं धरा. २४० भरली तर जवळजवळ ६० लिटर पाणी तुम्ही विकत घेताय, आणि बोट बुडायची वेळ आली तर तेवढाच तरंगण्याचा आधार कमी.

दुसरी तपासणी कानाची. स्क्रू ड्रायव्हरची लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ घेऊन फरशीवर दर दहा सेंमीला ठोकत जा, मागच्या टोकापासून पुढे. चांगल्या जागी टणक "टक" येतो. फोम सुटला असेल तिथे पोकळ "ढब" येतो, भिजला असेल तिथे मऊ, मेलेला आवाज. खडूने खुणा करत जा. खुणा स्क्रूंभोवती गोळा झाल्या तर वर सांगितलेलं कारण पक्कं. मग त्याच जागांवर टाच दाबून पाहा, फरशी लवते का.

तिसरी: मालकाच्या परवानगीने मागच्या फळीजवळ, फरशीच्या सर्वात खालच्या जागी १० मिलिमीटरचं एक भोक. ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे ते खालचा तळ फोडणार नाही. बाहेर आलेला भुगा कोरडा आणि पिवळसर असेल तर उत्तम. ओला, तपकिरी, आंबूस वासाचा असेल तर मुरलेलं पाणी जुनं आहे. भोक नंतर एपॉक्सीने बंद करता येतं. मालक भोक पाडू देत नसेल तर वजनाच्या आकड्यावरच निर्णय घ्या.

त्यानंतर मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात. आत प्लायवुड असतं, आणि ते आयएस ७१० मार्कचं मरीन प्लाय असायला हवं, एकूण जाडी ३५ ते ४० मिलिमीटर. इंजिन लावून, वर उचलून, त्याचा पाय धरून जोरात पुढे-मागे हलवा. फळी आणि बाजू यांच्या सांध्याकडे बघा. सांधा उघडमीट करताना दिसला तर प्लाय कुजलंय किंवा कोपऱ्याचा थर तुटलाय. इंजिनाच्या क्लॅम्पखाली फायबर दबून खड्डा पडला असेल तर तीच खूण. एखादा बोल्ट काढून पाहा. भोकातून काळपट पाणी ओघळलं तर फळी नवीन बसवावी लागेल. ते काम होण्यासारखं आहे, पण किमतीतून वजा करा.

बोट उलटी करून तळाच्या मागच्या एक तृतीयांश भागावर लांबीच्या दिशेने दोरा ताणून धरा. दोरा सगळीकडे टेकायला हवा. मधे फट दिसली, म्हणजे तळ आत गेलेला असेल, तर चालवताना पुढचं टोक खाली दबतं आणि लाटेत पाणी घेतं. चार वर्षं विटांवर चुकीच्या जागी टेकवून ठेवलेल्या बोटींत हा दोष येतो आणि तो निघत नाही. तळाखालच्या उभ्या पट्ट्या दगडावर घासून झिजलेल्या असतील. जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) जाऊन काचेचे धागे दिसत असतील तर घासून, पूर्ण वाळवून, मॅटचे दोन थर चढवा. जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर घाबरू नका, त्या वरवरच्या असतात. कोपऱ्याला समांतर जाणारी एकच लांब रेष मात्र नख घालून पाहा. नख अडकलं तर ती चीर आहे.

समजा बोट पास झाली. पहिलं काम: फरशीतले सगळे स्क्रू काढा. प्रत्येक भोक १२ मिलिमीटरचं करा, आतला थोडा फोम उकरा, घट्ट कालवलेल्या एपॉक्सीने भरा, दुसऱ्या दिवशी त्या भरलेल्या गोळ्यात बारीक भोक पाडून स्क्रू परत बसवा. आता पाणी फोमपर्यंत पोहोचत नाही. दुसरं, मागे सर्वात खाली पोकळीचं पाणी काढायला पितळी बूच बसवून घ्या आणि बोट काठावर ओढली की प्रत्येक वेळी उघडा. थेंब आला तर लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट विकणारा सांगणार नाही, कारण बहुतेकांना ती ठाऊकच नसते. या बोटीचा सगळा फोम पायाखाली आहे. त्यामुळे ती बुडून तळाशी जाणार नाही हे खरं, पण काठोकाठ पाणी भरलं तर फोम वर यायला बघतो, माणसं आणि इंजिन खाली जायला बघतात, आणि बोट पालथी होते. पालथी झाली की तशीच राहते, धरायला गुळगुळीत तळ उरतो. उपाय बाजूंना वर फोम देण्याचा. काठाच्या खाली आतल्या बाजूने १० बाय १५ सेंमीची, साडेतीन मीटर लांब पेटी दोन्हीकडे बांधून घ्या. एका बाजूला ५० लिटरच्या वर आधार मिळतो, दोन्हींचा मिळून शंभर. मग पाणी भरलेली बोटही सरळ राहते आणि माणसांना आतच धरून बसता येतं. पेटीत बंद पेशींचा पॉलिथिन फोम घाला. थर्माकोल नको: फायबरच्या रेझिनमधलं स्टायरिन त्याला विरघळवतं आणि पेट्रोल सांडलं तरी तेच होतं. नुसत्या रिकाम्या बंद पेटीवरही विसंबू नका, एक चीर पडली की आधार गेला.

इंजिनाबद्दल थोडक्यात. या बोटीला ९.९ एचपी पुरेसं आहे. भरलेली बोट ताशी नऊ-दहा किलोमीटरने जाईल आणि पक्ष्यांजवळ तुम्हाला तसंही इंजिन बंद करून बांबूनेच जायचं आहे. मोठं इंजिन म्हणजे मागच्या फळीवर जास्त वजन आणि तिथला कापलेला काठ आणखी खाली. १५ इंची शाफ्टच्या इंजिनाला फळीची उंची ३८ ते ४० सेंमी लागते. म्हणजे ५५ सेंमीची बाजू मागे तेवढ्यापुरती खाली येते. वेग एकदम कमी केला की स्वतःचीच मागून येणारी लाट तिथून आत येते. फळीच्या आत १५-२० सेंमीवर एक आडवी भिंत बांधून घ्या, पाणी त्या कप्प्यात अडतं आणि भोकातून बाहेर जातं.

फुगवट्यात पाणी उतरल्यावर बाभळीची खोडं, जुन्या गावठाणांच्या भिंती आणि शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप वर येतात. इंजिनाचा टिल्ट (ते वर उचलायचा सांधा) मोकळा ठेवा म्हणजे धडकलं तर ते वर उचलेल, आणि पंख्याला शिअर पिन (धडकल्यावर आधी तुटून पंखा वाचवणारी खीळ) असेल तर तशा दोन-तीन पिना व पक्कड बोटीतच ठेवा. जलपर्णीतून जाताना इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर नजर हवी. धार थांबली की लगेच बंद करा, पाणी घ्यायची जाळी तुंबली आहे. इंजिन लावून माणसं नेणाऱ्या बोटीला इनलँड व्हेसल्स कायदा, २०२१ लागू होतो. नोंदणी आणि तपासणीची चौकशी पैसे देण्याआधी करा, जुन्या बोटीची कागदपत्रं मालकाच्याच नावावर आहेत का तेही पाहा.

सगळं झाल्यावर पहिला पाहुणा बसवण्याआधी एक दिवस काढा. काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात बोट न्या, इंजिन काढून त्याच्या जागी तेवढ्याच वजनाची लोखंडी वजनं बांधा, आणि बादल्यांनी बोट काठोकाठ भरा. पोहता येणारे पाच जण, जॅकेटं घालून, एकेक करून आत बसवा. मग सगळ्यांना एका बाजूला सरकायला सांगा. बोट कलून थांबली तर बाजूचा फोम पुरेसा आहे. फिरायला लागली तर पेट्या ५ सेंमीने जाड करून पुन्हा हाच प्रयोग करा.